धायटीवर आळ: पुण्यातल्या एका सोसायटीतलं परागांच्या ॲलर्जीचं प्रकरण

पार्श्वभूमी

पुण्याच्या पश्चिम भागात एका टेकडीच्या पायथ्याशी आमची सोसायटी आहे. मागच्या इमारतीपाशी मुरमाड उतार, उताराखाली दगडी भिंत, भिंतीपलीकडे नाला आणि मग थेट टेकडी. मी वनस्पतीशास्त्र शिकवते आणि सोसायटीच्या बाग समितीवर आहे. इथे लिहिलेलं सगळं घडलेलं आहे. ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यांच्या परवानगीनेच लिहिते आहे, पण नावं आणि ओळख पटेल अशा खुणा बदलल्या आहेत.

त्या उतारावर काहीच टिकत नव्हतं. लॉन लावलं, ते एप्रिलमध्ये जळलं. जास्वंद लावली, तर टँकरच्या पाण्यावर ती किती दिवस जगवायची? शेवटी एका पावसाळ्यात आम्ही धायटीची २२ रोपं लावली. धायटी सह्याद्रीतली, अगदी इथलीच. सिंहगडाच्या वाटेवर, मुळशी-वेल्ह्याच्या डोंगरउतारांवर माती धुऊन गेलेल्या जागीही ती उभी असते. वणवा लागून वरचं सगळं जळालं तरी बुडख्यातून पुन्हा फुटते. पहिला उन्हाळा आमच्या माळीदादांनी बादलीने पाणी घातलं, त्यानंतर तिने आमच्याकडे काही मागितलं नाही.

तिसऱ्या हिवाळ्यात ती पहिल्यांदा भरभरून फुलली. ज्यांनी धायटी जवळून पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. पुरुषभर उंचीचं झुडूप, फांद्या कमानीसारख्या बाहेर झुकलेल्या. पानं समोरासमोर, भाल्याच्या पात्यासारखी, आणि पान उलटं करून पाहिलं की खालच्या बाजूला बारीक काळे ठिपके. फुलं येतात तेव्हा बरीच पानं गळलेली असतात, म्हणून फांदी टोकापर्यंत लाल दिसते. आपल्याला जी लाल नळी दिसते ती पाकळ्यांची नसते, निदलपुंजाची, म्हणजे पाकळ्यांबाहेरच्या आवरणाची असते. पाकळ्या इतक्या चिमुकल्या, की शोधाव्या लागतात. नळीच्या तोंडातून १२ पुंकेसर बाहेर आलेले, आणि तळाशी मध. त्या मधासाठी सकाळपासून जांभळे शिंजीर आणि चष्मेवाले हे छोटे पक्षी यायचे. संस्कृतात हिला धातकी म्हणतात, आणि ताम्रपुष्पी, वह्निज्वाला ही नावंही आहेत. जानेवारीच्या उन्हात आमचा उतार पाहिला असता तर ही नावं का पडली ते कुणालाही सांगावं लागलं नसतं.

आणि नेमका त्याच जानेवारीत प्रश्न उभा राहिला.

तक्रार

मागच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक कुटुंब राहतं. आई-वडील, आजी आणि तेव्हा दहा वर्षांची असलेली मुलगी. तिला आपण ईशा म्हणू. त्याआधी दीड वर्ष ते एका पेठेतल्या वाड्यातून इथे राहायला आले होते. पहिल्या जानेवारीत ईशाला थोड्या शिंका आल्या, नाक वाहिलं. थंडीची सर्दी म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. दुसऱ्या जानेवारीत मात्र पोरीची दशा झाली. सकाळी उठल्याबरोबर ओळीने पंधरा-वीस शिंका, डोळे लाल होऊन सुजलेले, नाक चोंदल्यामुळे रात्री तोंडाने श्वास. आठवड्यातून दोन दिवस शाळा बुडायला लागली.

तिच्या खोलीची खिडकी उताराकडे उघडते. खिडकीतून समोर काय दिसतं? लालभडक धायटी.

ईशाची आई माझ्याकडे आली तेव्हा तिच्या आवाजात तक्रारीपेक्षा थकवा जास्त होता. "ताई, तुम्ही लावलेल्या झाडांबद्दल बोलायचं म्हणजे मला जड जातं. पण मागच्या वर्षी फुलं कमी होती, तर त्रास कमी होता. या वर्षी फुलं जास्त, तर त्रास जास्त. आणि ही झाडं नव्हती तिथे, वाड्यात, तिला कधी काही झालं नाही."

तिचं म्हणणं ऐकताना मला तोडीचं उत्तर सुचलं नाही. तिन्ही गोष्टी खऱ्याच होत्या. आज मागे वळून बघताना कळतं, की या जुळण्यातच सगळी फसगत होती. परागांची ॲलर्जी बहुधा पहिल्या भेटीत दिसत नाही. एखाद्या परागातलं प्रथिन शरीराने शत्रू म्हणून ओळखायला एखादा हंगाम, कधी दोन हंगाम जातात. मग पुढच्या हंगामात तोच पराग नाकात शिरला की शरीरात हिस्टामिन नावाचं रसायन सुटतं आणि शिंका सुरू होतात. म्हणजे नवीन जागेत आल्यावर दुसऱ्या वर्षी त्रास वाढला, तर त्या जागेतल्या कुठल्याही परागाकडे बोट दाखवता येतं. धायटीच्या फुलण्याचं वर्ष आणि ईशाचं दुसरं वर्ष एकच निघालं, इतकंच.

पहिला निर्णय

फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी कमिटीची बैठक झाली. समोर तीन पर्याय होते: धायटी काढून टाकायची, नुसती छाटायची, किंवा आधी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यायची.

तपासणीचा पर्याय मीच मांडला होता. धायटीचं परागीभवन पक्षी आणि मधमाश्या करतात, तेव्हा हिचे पराग हवेत फार उडत असतील असं वाटत नाही, हेही मी सांगितलं. त्यावर आमच्या अध्यक्ष काकांनी अगदी शांतपणे विचारलं, "मॅडम, शंभर टक्के खात्रीने सांगता का?" तशी खात्री मी देऊ शकत नव्हते. समोर एक आई बसलेली होती, आणि मी झाडाची बाजू घेतेय असं चित्र तयार होत होतं. मी गप्प बसले.

त्या गप्प बसण्याचं मला अजून वाईट वाटतं. झाडं गेली हे त्याचं एक कारण. दुसरं कारण असं, की मला जे माहीत होतं ते ईशाच्या कामाचं होतं आणि ते मी नीट सांगितलं नाही. एवढं सांगायला हवं होतं: जी फुलं पाखरांना आणि मधमाश्यांना बोलावतात त्यांना रंग लागतो, मध लागतो, आणि त्यांचे पराग चिकट असतात, कारण ते पाखराच्या चोचीला किंवा माशीच्या अंगाला चिकटून दुसऱ्या फुलापर्यंत जायचे असतात. वाऱ्यावर भिस्त असलेल्या झाडांना रंगाची गरज नसते. त्यांची फुलं बारीक, हिरवट-तपकिरी, नजरेत न भरणारी. त्यांचे पराग हलके, कोरडे आणि मोजदादीपलीकडचे, कारण लाखातला एखादाच कण योग्य जागी पडणार असतो. नाकात जातात ते बहुतेक हे दुसरे. म्हणून परागांच्या ॲलर्जीत डोळ्यांत भरणाऱ्या फुलाकडे शेवटी बघावं, आणि ज्याला फुलं आलीत हेच कुणाला कळलेलं नाही त्या झाडाकडे आधी.

बैठकीत ठरलं, की खिडकीसमोरची १४ झुडपं बुंध्यापासून कापायची. कोपऱ्यातल्या ८ झुडपांना हात लावू नका, तिथला मुरूम भिंतीवर येईल, असं माळीदादा म्हणाले आणि ते ऐकलं गेलं. दोन दिवसांत काम झालं. ईशाच्या आजी खाली उतरून आल्या आणि कापलेल्या फांद्यांवरची फुलं एका टोपलीत वेचून घेऊन गेल्या. त्याबद्दल पुढे सांगते.

खोटा पुरावा

झुडपं कापल्यावर दोन आठवडे ईशाला काहीच फरक पडला नाही. मार्च उजाडला आणि शिंका कमी झाल्या, होळीपर्यंत जवळजवळ थांबल्याच. सगळ्यांना वाटलं, निर्णय बरोबर होता. ईशाची आई पेढे घेऊन आली. मलाही क्षणभर वाटलं, की पुस्तकं काहीही म्हणोत, या पोरीच्या बाबतीत धायटीच कारण असेल.

या प्रकरणातली सगळ्यात धोक्याची जागा मला ही वाटते. हंगामी त्रास हंगाम संपला की आपोआप थांबतो. त्या सुमारास आपण काहीही केलेलं असो, झाड तोडलेलं असो, औषध बदललेलं असो की गादी, श्रेय त्यालाच मिळतं. उपाय करून तो लागू पडला की नाही हे ठरवायचं तर पुढचा हंगाम येईपर्यंत थांबावं लागतं. आम्ही कुणी थांबलो नाही.

मध्ये पावसाळा आला. धायटीच्या सावलीखाली जिथे काही उगवत नव्हतं ती जमीन आता उघडी पडली होती. जुलैपर्यंत त्या सगळ्या पट्ट्यात काँग्रेस गवत माजलं. पुण्याचं आणि या तणाचं नातं जुनं आहे. भारतातली त्याची पहिली शास्त्रीय नोंद १९५६ साली छापून आली ती पुण्याहूनच. उकरलेली, उघडी, मोकळी जमीन त्याला फार मानवते. ऑगस्टमध्ये माळीदादांनी ते हातांनी उपटलं आणि आठवड्याभरात त्यांच्या मनगटांवर, कोपरांच्या आतल्या बाजूला आणि मानेवर खाजरे, लालसर चट्टे उठले. डॉक्टरांनी बघताच विचारलं, "काँग्रेस उपटलंत का?"

म्हणजे ॲलर्जी नको म्हणून आम्ही एक निरुपद्रवी झुडूप काढलं आणि त्याच्या जागी खरोखर त्रास देणारं तण आणून बसवलं. काँग्रेस गवताची पानं आणि खोड त्वचेला त्रास देतात, त्याचे पराग नाकालाही देतात. फुलणं म्हणाल तर पाणी असेल तर बारा महिने.

जानेवारीत ईशाच्या शिंका परतल्या. खिडकीसमोर तेव्हा एकही लाल फूल नव्हतं.

तपासणी

या वेळी ईशाच्या आईनेच पुढाकार घेतला आणि ॲलर्जीच्या डॉक्टरांची वेळ घेतली. स्किन प्रिक टेस्ट करायची ठरली. त्याआधी काही दिवस ॲलर्जीच्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात, नाहीतर त्वचा प्रतिसादच देत नाही. चाचणी साधी असते. हातावर वेगवेगळ्या अर्कांचे थेंब ठेवून प्रत्येक थेंबातून सुईचं टोक हलकेच टोचतात. एक थेंब हिस्टामिनचा, तिथे गांधी, म्हणजे खाजरी फुगवटी, उठलीच पाहिजे. एक नुसत्या मिठाच्या पाण्याचा, तिथे उठता कामा नये. पंधरा-वीस मिनिटांनी गांधी मोजतात. मिठाच्या पाण्याच्या जागेपेक्षा ३ मिलिमीटर किंवा जास्त मोठी असेल तर चाचणी सकारात्मक धरतात.

ईशाच्या हातावर सगळ्यात मोठी गांधी उठली ती वावळा या झाडाच्या परागांची. त्याखालोखाल घरातल्या धुळीतल्या सूक्ष्म किड्यांची. काँग्रेस गवताची लहान, पण मोजण्याइतकी.

धायटीचं काय? धायटीचा अर्क त्या संचात नव्हताच. ज्या परागांमुळे पुष्कळ लोकांना त्रास होतो त्यांचेच अर्क अशा संचांत असतात. मला हे कळलं तेव्हा एक पेच दिसला. धायटीची चाचणी झालेलीच नाही, म्हणजे ती निर्दोष आहे असंही चाचणीच्या जोरावर म्हणता येत नव्हतं. "मग धायटीही असू शकते ना?" हा प्रश्न कमिटीत येणार हे मला ठाऊक होतं. या वेळी मला गप्प बसायचं नव्हतं.

मी हवेत काय आहे ते बघायचं ठरवलं. काचेच्या पट्ट्यांवर व्हॅसलिनचा पातळ थर लावला. एक पट्टी ईशाच्या खिडकीच्या गजाला आडवी बांधली, एक गच्चीवर ठेवली आणि एक कोपऱ्यात उरलेल्या ८ धायटींच्या ऐन मध्ये, फांद्यांखाली. रोज सकाळी सातला पट्ट्या बदलायच्या आणि कॉलेजात नेऊन फुक्सिन हा रंग घातलेल्या ग्लिसरीन जेलीत बसवून सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या. ओळख पटवायला म्हणून आजूबाजूच्या झाडांचे पराग थेट फुलांतून घेऊन नमुन्याच्या पट्ट्या आधीच करून ठेवल्या होत्या: धायटी, वावळा, गिरिपुष्प, दोन प्रकारची गवतं, काँग्रेस गवत. फुक्सिनने पराग गुलाबी होतात आणि मग प्रत्येकाचा चेहरा वेगळा दिसतो. गवताचा कण गोल, गुळगुळीत, त्याला एकच भोक. काँग्रेसचा काटेरी. वावळ्याच्या कणाच्या कडेने चार-पाच छिद्रं. धायटीचा तीन खाचांचा.

तीन आठवडे हे चाललं. खिडकीच्या पट्टीवर रोज वावळ्याचे कण होते. वाऱ्याच्या दिवशी तर नजर जाईल तिथे तेच. धायटीचे पराग मला फक्त धायटीखालच्या पट्टीवर सापडले, तेही मोजके आणि एकमेकांना चिकटून गुठळ्या झालेले. तिथून थोड्याच अंतरावरच्या खिडकीवर एकही नाही. या पद्धतीला मर्यादा आहेत. आपोआप खाली पडणारे कणच अशा पट्टीवर बसतात, त्यामुळे एक घनमीटर हवेत किती पराग आहेत हे त्यावरून काढता येत नाही, आणि मोठे कण जास्त पकडले जातात. पण आमचा प्रश्न छोटा होता: ईशाच्या खिडकीपर्यंत धायटी पोचते का? त्याचं उत्तर मिळालं.

पाटीवरची धूळ

कमिटीसमोर सूक्ष्मदर्शकातली छायाचित्रं दाखवायच्या आधी मी ईशाच्या आईला घेऊन भिंतीपाशी गेले. नाल्याच्या पलीकडे एक जुना वावळा आहे, चार मजली इमारतीएवढा. जानेवारीत त्याच्यावर पान नसतं. सोसायटीतल्या कुणालाही विचारलं असतं तर "ते वाळलेलं झाड" म्हणून सांगितलं असतं. वाऱ्याने त्याची एक डहाळी अलीकडे पडली होती. निष्पर्ण काडीवर हिरवट-तपकिरी, मोहरीएवढे झुबके. पाकळ्या नाहीत, रंग नाही, वास नाही.

ईशाची जुनी पाटी मागवून घेतली होती. पाटीवर आधी धायटीचा फुललेला तुरा आपटला. दोन पाकळ्या पडल्या, एक मुंगी पडली, मधाचा एक चिकट ठिपका उमटला. मग पाटी पुसली आणि त्यावर वावळ्याची डहाळी अलगद झटकली. काळ्या पाटीवर फिकट पिवळी पूड पसरली, हळदीचा हात झटकावा तशी. मी हलकेच फुंकर मारली आणि ती उडून गेली.

ईशाची आई बराच वेळ त्या झाडाकडे बघत राहिली. "दोन वर्षं मी याच्याकडे पाठ करून उभी होते," ती म्हणाली.

दुसरा निर्णय

आता साहजिकच कुणीतरी म्हणालं, मग वावळा तोडा. या वेळी मी सविस्तर बोलले. एक तर तो आमच्या हद्दीत नाही. शहरातलं झाड तोडायला १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. पण कायदा बाजूला ठेवला तरी त्याचा उपयोग नाही. वावळ्याचे पराग वाऱ्यावर दूरवर जातात आणि टेकडीवर, रस्त्यांच्या कडेने वावळे पुष्कळ आहेत. समोरचा एक तोडून हवा स्वच्छ होणार नाही. शिवाय वावळाही इथलाच. चैत्रात त्याच्या पापडीसारख्या चपट्या फळांनी अंगण भरतं, आतली बी पोरं सोलून खातात. कुठे कुठे त्याला पापडाच म्हणतात.

दुसरा पर्याय होता काही न करण्याचा, म्हणजे हा त्या कुटुंबाचा प्रश्न आहे असं म्हणून हात झटकण्याचा. तो कुणी उघडपणे मांडला नाही, पण बैठकीत थोडा वेळ शांतता होती. मग अध्यक्ष काकाच म्हणाले, की गेल्या वर्षी आपण घाईने एक काम केलं, तर या वर्षी सावकाश दुसरं करू.

ठरलं ते असं. ईशाचं औषध डॉक्टर ठरवतील. त्यांनी नाकात मारायचा स्टिरॉइडचा फवारा वावळा फुलायच्या आधीच सुरू करायला सांगितलं. त्रास वाढल्यावर सुरू केला तर तो उशिरा लागू पडतो. सोबत संध्याकाळी घरी आल्यावर मिठाच्या पाण्याने नाक धुणं आणि तोंड-हात धुऊन कपडे बदलणं. वावळा फुललेला असताना सकाळी खिडक्या बंद, आणि धुतलेले कपडे गच्चीत वाळत न घालता घरात. धुळीतल्या किड्यांसाठी गादी-उशीला घट्ट विणीचे अभ्रे आणि आठवड्याला गरम पाण्यात धुलाई. तीन ते पाच वर्षं चालणाऱ्या इंजेक्शनच्या उपचाराबद्दलही डॉक्टर बोलले. तो निर्णय कुटुंबाने एक हंगाम पुढे ढकलला.

सोसायटीच्या वाट्याला काँग्रेस गवत आलं. फुलायच्या आधी, पावसात जमीन ओली असताना, मुळासकट उपटायचं. पूर्ण बाह्यांचा सदरा आणि हातमोजे घातल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. रिकाम्या जागेत टाकळ्याचं बी टाकलं. टाकळा दाट उगवला की काँग्रेसला उठू देत नाही, आणि कोवळ्या पाल्याची भाजी होते ती वेगळीच. त्या पावसाळ्यात उरलेल्या काँग्रेसच्या पानांवर काळ्या नागमोडी रेघांचे पांढरट भुंगेरे दिसले. या तणावर सोडण्यासाठी १९८० च्या दशकात मेक्सिकोहून आणलेले हे भुंगेरे, आता ते इथलेच झालेत.

कापलेल्या धायटींना तसंच राहू द्यायचं ठरलं. त्या आपल्या आपण फुटायला लागल्या होत्या.

आजींची टोपली

वेचून नेलेल्या फुलांचं आजींनी काय केलं हे मी खूप उशिरा विचारलं. त्यांचं माहेर मावळातलं. लहानपणी त्या धायटीची फुलं तोडून मागच्या टोकाने मध चोखायच्या. वडील आणि चुलते उन्हाळ्याच्या तोंडाला हिरड्याबरोबर धायटीचं फूलही गोळा करून व्यापाऱ्याला घालायचे. "या फुलाशिवाय वैद्याचं आसव उतरत नाही," असं आजींचं म्हणणं, आणि ते खरं आहे. अशोकारिष्ट, कुटजारिष्ट, दशमूलारिष्ट अशा कितीतरी अरिष्टांच्या, म्हणजे आंबवून केलेल्या औषधांच्या, पाठात धातकीची फुलं असतात. काढा, गूळ आणि ही फुलं एकत्र घालून भांडं तोंड बांधून ठेवलं की आंबण्याची क्रिया सुरू होते. फुलांच्या मधाबरोबर येणारं यीस्ट आणि फुलांतलं टॅनिन दोन्ही त्यात कामाला येतात. याच टॅनिनमुळे पानं-फुलं कातडी कमवायला वापरत, आणि फुलांचा लालसर रंग कापडाला देत. जुलाबावर फुलांचं चूर्ण देण्याची जुनी रीत आहे.

आजींनी फुलं सावलीत वाळवून डब्यात भरून ठेवली होती. ईशाच्या सर्दीवर काढा करून द्यावा असं त्यांच्या मनात होतं. मी त्यांना हात जोडून सांगितलं, की ॲलर्जीचं निदान झालेल्या मुलीला वैद्याला किंवा डॉक्टरांना विचारल्याशिवाय घरचं काही देऊ नका. फूल वाईट आहे म्हणून नव्हे. या प्रकरणात अंदाजाने केलेल्या गोष्टी आधीच पुष्कळ झाल्या होत्या. आजींनी डबा उचलून वरच्या फळीवर ठेवला.

परिणाम

पुढच्या जानेवारीत ईशाचा त्रास गेला नाही, पण आवाक्यात आला. सकाळच्या शिंका दोन-चारवर आल्या, डोळे सुजले नाहीत, आणि वावळ्याच्या पूर्ण हंगामात एकच दिवस शाळा बुडाली. यात फवाऱ्याचा वाटा किती, बंद खिडकीचा किती आणि अभ्र्यांचा किती, हे वेगळं काढता येणार नाही, कारण सगळं एकदमच सुरू केलं होतं. माळीदादांचे चट्टे औषधाने बसले. आता हातमोजे दिसले नाहीत तर तेच ओरडतात.

१४ बुडख्यांपैकी ११ फुटले. ३ मेले, त्यांच्या जागी नवी रोपं लावली.

आज पुन्हा वेळ आली तर

सगळ्यात आधी मी एक वही मागेन. रोज सकाळी शिंका किती, खिडकी उघडी की बंद, आणि आवारात व भिंतीपलीकडे काय काय फुललंय, एवढंच त्यात लिहायचं. दुसऱ्या जानेवारीपासून होळीपर्यंत अशी वही ठेवली असती तर शिंका संपल्या त्याच दिवसांत वावळ्याची फुलं संपून कोवळ्या पापड्या धरल्या होत्या, हे आमच्या डोळ्यांसमोर आलं असतं. धायटी त्या वेळी, कोपऱ्यातल्या आठ झुडपांवर, अजून लालच होती. ती आठ झुडपं म्हणजे आयती तुलना होती आणि तिच्याकडे आम्ही कुणी पाहिलं नाही.

दुसरं, संशय होताच तर झुडपं कापायची गरज नव्हती. एका हंगामापुरती फुलं खुडून घेता आली असती. आजींसारख्या दोन बायका आणि माळीदादा, दोन सकाळींचं काम. संशय खोटा ठरला असता तर झुडूप जागेवर असतं, जमीन झाकलेली असती आणि काँग्रेसला वाव मिळाला नसता. जे परत फिरवता येतं ते आधी करून बघायचं, हे मी प्रयोगशाळेत मुलांना रोज सांगते. बैठकीत मला ते सुचलं नाही.

आणि "शंभर टक्के खात्रीने सांगता का?" या प्रश्नाला आज माझ्याकडे उत्तर आहे. "काका, शंभर टक्के नाही. पण पाटी आणा, दोन्ही झाडांच्या फांद्या आणा, आणि स्वतः बघा." हे दहा मिनिटांचं काम होतं, आणि ते करायला ना डॉक्टर लागत होते ना सूक्ष्मदर्शक.

ॲलर्जीच्या डॉक्टरांकडे एक वर्ष आधी जायला हवं होतं, हे ईशाची आई स्वतःच सांगते. मी तिला दोष देत नाही. दिसणारं कारण समोर असताना न दिसणारं शोधायला कोण जातं?

ईशा आता बारा वर्षांची आहे. डिसेंबर संपता संपता ती भिंतीपाशी जाऊन वावळ्याच्या काड्या बघून येते. झुबके फुगायला लागले, की लिफ्टशेजारच्या फळ्यावर खडूने लिहिते: "वावळा येतोय. फवारा सुरू करा." सोसायटीत आणखी तीन घरांत जानेवारीची सर्दी होती, ती त्या फळ्यामुळेच समोर आली. या वर्षी तिने लिहिलं तेव्हा उतारावर फुटव्यांना पहिली फुलं आली होती, अकरापैकी चार झुडपांवर.